कोरियन पंगतीत खांबेटे

न्यूझीलंड सरकारने आपल्याला बोलावून घेतलं, असं पुरुषोत्तम खांबेटे सांगत. सरकारचं तसं पत्र आलं होतं हे खरं, पण तेच पत्र त्या वर्षी आणखी काही हजार लोकांनाही गेलं होतं. वयाचे इतके गुण, पदवीचे इतके, अनुभवाचे इतके, अशी बेरीज जमली की पत्र येई. खांबेट्यांची बेरीज जमली. दोन हजार चारच्या जानेवारीत बायको शकु आणि चौदा वर्षांची मुलगी सुरुची यांना घेऊन ते कोथरूडहून निघाले आणि ऑकलंडच्या पापाटोएटोत येऊन दाखल झाले. इथल्या कारखानदारीला वळण लावायचं तेवढं बाकी आहे, अशा बेताने पहिले आठ दिवस त्यांनी विश्रांती घेतली.

कारखानदारीला त्यांची घाई नव्हती. पिंपरीत बावीस वर्षं नोकरी केलेल्या, त्यातली शेवटची सहा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून मिरवलेल्या माणसाला सात महिने नुसते नकार येत राहिले. सगळे अतिशय गोड भाषेत. तुमचा बायोडेटा पाहून आम्ही प्रभावित झालो, पण इथला अनुभव असता तर बरं झालं असतं, असा सगळ्यांचा सूर. शकु मात्र तिसऱ्याच आठवड्यात एका रेस्ट होममध्ये लागली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कपडे बदलायचे. मराठी मंडळात कुणी विचारलं की खांबेटे म्हणत, "मिसेस हेल्थकेअरमध्ये आहे." शकु बाजूला उभी असली तर त्या वेळी दुसरीकडे बघे.

शेवटी बायोडेट्याची चळत घेऊन खांबेटे ईस्ट टामाकीतल्या कारखान्यांच्या फाटकाफाटकांतून हिंडू लागले. एका शेडमध्ये हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी स्टीलची टेबलं, सिंकं, धुराडी बनवत. मालक कोरियन, नाव चोई. त्यांनी बायोडेटा उलटा ठेवला आणि विचारलं, "वय किती?"

"फॉर्टी सिक्स."

"मी चव्वेचाळीस. तुम्ही मोठे." असं म्हणून चोई उठून उभे राहिले आणि त्यांनी खांबेट्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग मुलं किती, आई आहे का, जेवलात का, असे तीन प्रश्न झाले आणि सोमवारपासून या म्हणाले. आपली योग्यता ओळखणारा एक तरी माणूस या देशात निघाला, असं खांबेट्यांनी घरी येऊन सांगितलं. वयाचं काही सांगितलं नाही.

काम म्हणजे स्टीलच्या पत्र्यांचा हिशोब ठेवायचा, कापायच्या मापांची यादी करायची आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर झाडू मारायचा. झाडू चोईसुद्धा मारत. खांबेट्यांना मालकाचं ते वागणं कमीपणाचं वाटलं. स्वतःचं त्याहून.

पण खरा पेच बारा वाजता पडला. शेडच्या मागच्या अंगाला एक लांब टेबल होतं. बाराला चोईंची बायको तिथे जेवण मांडी आणि आठच्या आठ माणसं, मालकासकट, एकत्र बसत. कोरियन कामगार तिला सामोनिम म्हणत, म्हणजे मालकीणबाई. मग खांबेटेही तेच म्हणू लागले. प्रत्येकापुढे भाताची वाटी आणि मधोमध दहाबारा लहान ताटल्या. कशात पालक, कशात मोड आलेली धान्यं, कशात लाल तिखटात माखलेला कोबी, आणि एका काळ्या हंडीत रटरटणारं कालवण. सगळेजण आपापला चमचा त्या एकाच हंडीत घालत, तोंडात घालत आणि पुन्हा हंडीत घालत.

खांबेट्यांच्या घरी तूप वाढायच्या पळीचा कुणाच्या पानाला स्पर्श झाला तर पळी विसळत. ते उठले, शकुने दिलेला पोळीभाजीचा डबा घेतला आणि आपल्या जुन्या टोयोटात जाऊन, काचा वर करून, जेवले.

तिसऱ्या दिवशी चोईंनी काचेवर टकटक केली. "बायको रागावली?" त्यांनी विचारलं. चोईंचं इंग्रजी मोजकं होतं, पण प्रश्न सरळ असत. "घरी भांडण? की आम्ही चूक केली?"

"नो, नो. आय प्रिफर प्रायव्हसी."

तो शब्द चोईंना कळला नाही. "एकट्याने जेवणारा माणूस वाईट दिसतो," ते म्हणाले. "लोक म्हणतील, चोईने मोठ्या माणसाला गाडीत बसवलं. या."

खांबेट्यांना जावं लागलं. पण जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या आहाराचे नियम टाइप करून आणले. एक पान, अनुक्रमांक घालून. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, प्राण्यांची चरबी नाही. चातुर्मासात कांदा-लसूण नाही, आणि चातुर्मास म्हणजे काय याची खाली तीन ओळींत टीप. शकुने ते पान वाचलं. पिंपरीच्या कँटीनमध्ये खांबेटे दर बुधवारी ऑम्लेट-पाव खात, हे तिला चांगलं माहीत होतं. विमानाने सिंगापूर सोडलं तेव्हापासून त्यांचा आचार कडक होत चालला होता. ऑकलंडला पोचेपर्यंत तो इतका कडक झाला की त्यांच्या वडिलांनाही पेलला नसता.

सामोनिमने ते पान दोन्ही हातांनी घेतलं, शब्दकोश घेऊन वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून खांबेट्यांपुढे वेगळी वाटी, वेगळ्या ताटल्या, वेगळं कालवण. टोफू, तिळाच्या तेलातला पालक, भोपळा, आणि झाकणाच्या डब्यातला त्यांचा स्वतंत्र लाल कोबी, ज्याला सगळे किमची म्हणत.

आभार मानायचं खांबेट्यांच्या डोक्यात आलं नाही. घरी आल्यावर ते रोज त्या जेवणाचं परीक्षण करत. भात चिकट. भाज्या अळणी. डाळ म्हणजे काय हे या लोकांना ठाऊक नाही. स्टीलच्या काड्यांनी जेवण्यामागे काय शास्त्र आहे ते त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही. त्यांच्या वाढदिवशी सामोनिमने समुद्री शेवाळाचं सूप केलं. फॉर्मवरची तारीख तिने लक्षात ठेवली होती. कोरियन लोकांत वाढदिवसाला तेच करतात. "शेवाळ," खांबेटे घरी म्हणाले. "वाढदिवसाला मला शेवाळ दिलं. चमचाभर घेतलं आणि सगळ्यांची पाठ फिरल्यावर सिंकमध्ये ओतलं."

"तिला कळलं असेल," शकु म्हणाली.

"कळायला पुरावा लागतो."

पुढच्या हिवाळ्यात काय झालं ते खांबेट्यांनाही सांगता आलं नसतं. जून महिना, शेडमध्ये गारठा, हात बधिर झालेले, आणि गरम भाताबरोबर तो आंबट, तिखट, करकरीत कोबी. एके दिवशी त्यांनी डबा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी आणखी आहे का म्हणून विचारलं. महिनाभरात ते घरी शकुच्या कैरीच्या लोणच्याला नावं ठेवू लागले. त्यात म्हणे खोली नव्हती.

त्याच सुमारास ते पापाटोएटोतच जरा मोठ्या घरात भाड्याने राहायला गेले आणि चोई नवराबायको घर बघायला आले. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला, आणि चोईंनी दोन्ही हातांनी एक अवजड गठ्ठा पुढे केला. टॉयलेट पेपर. तीस गुंडाळ्या.

पाहुणे गेल्यावर खांबेटे गठ्ठ्याभोवती फेऱ्या मारू लागले. "काय सुचवायचंय यांना? आपण काय करतो आणि काय करत नाही, हा यांच्या घरी चर्चेचा विषय आहे का?"

सुरुचीच्या वर्गात दोन कोरियन मुली होत्या. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स अ हाउसवॉर्मिंग थिंग. म्हणजे सगळं स्मूदली उलगडू दे. चिल."

खांबेटे चिल झाले नाहीत, पण पुढचं वर्षभर त्यांना टॉयलेट पेपर घ्यावा लागला नाही.

मंडळात मात्र आता ते कोरियन विषयातले जाणकार झाले होते. कोरियन माणूस वयाला मान देतो, जपानी फक्त हुद्द्याला; किमची म्हणजे मुळात आपलंच लोणचं, बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेलं; असे सिद्धांत ते हातात चहा घेऊन मांडत. ऐकणाऱ्यांत बहुतेक पुण्या-मुंबईची आयटीतली मंडळी असत. त्यांना दुपारी कुणी जेवलात का म्हणून विचारत नसे, त्यामुळे ते ऐकून घेत.

दोन हजार पाचच्या गणपतीत मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा होता. शकुने मसालेभात केला. खांबेट्यांनी स्वतःच्या अधिकारात किमचीची मोठी बरणी आणली. देवाच्या कार्यक्रमाला हवी आहे असं सांगितल्यावर सामोनिमने खास करून दिली होती. नैवेद्याच्या ताटात नाही, पण पंगतीत ती वाढली गेली, खांबेट्यांच्या देखरेखीखाली, प्रत्येक पानाला दोन मिनिटं माहितीसह. मंडळातल्या विनयावहिनींनी दोनदा मागून घेतली.

तेवढ्यात शशिकांत सबनीस पुढे झाला. हा मुंबईचा, शहरातल्या एका बँकेत संगणकावर. त्याने थोडी चाखली आणि चष्मा वर केला.

"पुरुषोत्तमराव, यात फिश सॉस असतो ना?"

"छे. कोबी आहे हा."

"कोबी आहेच. पण दुकानातल्या सगळ्या बाटल्यांवर लिहिलेलं असतं. फिश सॉस, नाहीतर खारवलेली कोळंबी. मी वाचून परत ठेवली होती."

हॉलमध्ये चमचे थांबले. विनयावहिनी पान घेऊन उठल्या आणि सरळ नळाकडे गेल्या. कुणी मोठ्याने बोललं नाही. हळू आवाजात मात्र सगळेच बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. खांबेटे बरणी हातात धरून उभे होते. वर्षभर आपल्याला मासळी खायला घातली, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. आपण ती आवडीने खाल्ली, हा दुसरा विचार त्यांनी जवळ येऊ दिला नाही.

"आधी विचारा तिला," शकु गाडीत म्हणाली.

"विचारायचं काय? जाब विचारायचा."

सोमवारी बारा वाजता टेबल मांडलं गेलं. खांबेटे बसले नाहीत. हातात बरणी घेऊन, पिंपरीत युनियनशी बोलताना वापरलेल्या आवाजात ते बोलले. आपला धर्म, आपलं कुळ, आपला विश्वास, लेखी दिलेले नियम, आणि त्या नियमांचा या बाईने केलेला भंग. देवापुढे, समाजापुढे झालेली शोभा. चोई मान खाली घालून तुकड्यातुकड्याने भाषांतर करत होते. काही तुकडे त्यांनी गाळले, हे वाक्यांच्या लांबीवरून कळत होतं.

सामोनिमने सगळं ऐकलं. मग उठून ती फ्रिजकडे गेली आणि दोन डबे आणून टेबलावर ठेवले. एक मोठा, सगळ्यांचा. एक लहान, त्यावर पांढऱ्या पट्टीवर कोरियन अक्षरं. ती चार वाक्यं बोलली. चोईंनी त्यांचं भाषांतर केलं.

"हे तुमचं नाव. तुमची किमची वेगळी. पहिल्या दिवसापासून. मासा नाही. लसूण पण नाही, कारण तुमचे ते चार महिने कुठून कुठे, तिला समजलं नाही. म्हणून बाराही महिने नाही." त्यांनी पाणी घेतलं. "अशी किमची तिला येत नव्हती. फक्त बुद्धाच्या देवळात करतात. आम्ही चर्चचे. ती पुलापलीकडे देवळात गेली, तिथल्या भिक्षुणीकडे शिकली. चार रविवार. चर्चमधल्या बायकांनी तिला खूप प्रश्न विचारले. देवासाठी दिलेली बरणी, ती पण तशीच."

खांबेट्यांच्या हातातली बरणी अचानक जड झाली. आठ माणसं त्यांच्याकडे बघत नव्हती, ठरवून बघत नव्हती. या क्षणी बोलायचा शब्द त्यांना मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत येत होता. पण सत्तेचाळीस वर्षांत तो त्यांनी फक्त दुसऱ्यांकडून ऐकला होता.

"ओके," ते म्हणाले. "गुड. थँक्यू फॉर द क्लॅरिफिकेशन."

घरी आल्यावर त्यांनी शकुला सांगितलं की आपण चौकशी केली आणि समाधानकारक खुलासा मिळाला. खुलासा काय, ते शकुने प्रश्न विचारून विचारून काढून घेतलं. भिक्षुणी आली, चार रविवार आले, नावाची पट्टी आली.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

खांबेट्यांनी सांगितलं.

शकु कणीक मळत होती. तिने हात थांबवला. "लग्नाला वीस वर्षं झाली. तुमच्या नावाची पट्टी लावून मी कधी काही केलं नाही. तुम्ही कोण तिचे?"

"मी फक्त विचारलं," खांबेटे म्हणाले, पण शकु पुन्हा कणीक मळू लागली होती आणि जरा जास्त जोरात.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर त्यांच्या जागी लहान डबा येई, झाकण बंद. सामोनिम तो ठेवी आणि त्यांच्याकडे न बघता जाई. जेवलात का, हे चोई आता विचारत नसत. गुरुवारी खांबेटे डबा घेऊन गाडीत जाऊन बसले. काच अर्धी खाली ठेवली. कुणी आलं नाही. शुक्रवारी काच पूर्ण खाली ठेवली. शेडमधून हसण्याचे आवाज येत होते आणि हसण्याचं कारण आपण नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

शनिवारी शकु ट्रेनने ओटाहुहुला गेली. तिथल्या बाजारात सामोअन बायका अळूची पानं विकतात, परातीएवढी. तिने दोन जुड्या घेतल्या आणि रविवारभर अळूवड्या केल्या. सोमवारी रेस्ट होममधून रजा घेऊन, डबा मांडीवर धरून, नवऱ्याशेजारी टोयोटात बसली.

"तू कशाला येतेस?"

"तुम्हाला जमत नाही म्हणून."

शेडमध्ये ती सरळ मागे गेली. दोघींचं इंग्रजी एकमेकींना पुरण्यासारखं नव्हतं. शकुने डबा उघडला, नवऱ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. सामोनिमने चोईंकडे बोट केलं आणि तसाच हात मारला. मग तिने अळूवडी उचलून तिची वळणं नीट बघितली, खाल्ली, आणि पान कुठलं, खाज कशी सुटत नाही, आत काय, अशी खुणांनी विचारपूस सुरू झाली. दोन्ही नवरे दारात अवघडून उभे होते.

बारा वाजता शकुलाही टेबलावर बसवलं. मधल्या हंडीत सोयाबीनचं आंबवलेलं कालवण होतं, टोफू आणि भोपळा घातलेलं. त्या दिवशी पाहुणी म्हणून सामोनिमने सगळ्यांसाठीच ते बिनमांसाचं केलं होतं. खांबेट्यांपुढे नेहमीची वेगळी वाटी होती. शकुपुढेही होती. शकुने ती बाजूला सरकवली आणि चमचा हंडीत घातला.

टेबलावरचे सगळे भात खात राहिले. खांबेट्यांनी हंडीकडे बघितलं. आठ चमचे तिच्यात जाऊन आले होते. त्यातला एक आता त्यांच्या बायकोचा होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, पण श्वास मात्र रोखला, आणि आपला चमचा हंडीत बुडवला. तोंडात घातला. गिळला. मग दुसऱ्यांदा, तोच चमचा.

"गरम आहे," चोई म्हणाले. "सावकाश."

"सॉरी," खांबेटे म्हणाले. जीभ पोळल्यामुळे तो शब्द बोबडा निघाला. सामोनिमला तो कळला की नाही, कोण जाणे. तिने त्यांच्या ताटलीत दोन अळूवड्या वाढल्या.

पुढे चार वर्षं खांबेटे तिथेच होते. मंडळात गेले की विनयावहिनींना ते बुद्धाच्या देवळाची हकीकत सांगत, पण त्यांच्या तोंडी ती अशी होई की कोरियन लोकांना शुद्ध शाकाहार शिकवायला त्यांना बरेच कष्ट पडले. शकु समोर असली तर हकीकत आखूड होई.

दोन हजार नऊमध्ये हॉटेलं बंद पडू लागली, सिंकांच्या ऑर्डरी आटल्या आणि चोईंनी शेड सोडून भावाकडे ब्रिस्बेनला जायचं ठरवलं. ते त्यांनी कामगारांत सर्वांत आधी खांबेट्यांना सांगितलं, मोठे म्हणून. सामोनिमने आपला किमचीचा खास फ्रिज शकुला दिला. पेटीसारखा, वरून उघडणारा. तो आता गॅरेजमध्ये आहे. दर हिवाळ्यात शकु वीस कोबी आणते, रात्रभर मिठात घालते आणि सकाळी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून पानापानाला तिखट चोळते. शेजारी खुर्ची टाकून खांबेटे मीठ, तापमान आणि पानांमधलं अंतर यांविषयी सूचना देतात. सामोनिमची चव येत नाही, हेही सांगतात.

परवाच्या जूनमध्ये सुरुची युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. ती दहा मिनिटं ऐकत उभी राहिली.

"बाबा, यू नो यू कॅन हेल्प, राइट?"

खांबेट्यांनी हातमोज्यांची जोडी मागवली, माप तपासलं, आणि एक कोबी पुढ्यात घेतला. एकेक पान वेगळं करून, दोन्ही बाजूंनी, एकही जागा न सोडता त्यांनी तो भरला. पाऊण तास लागला. तेवढ्यात शकुचे सात झाले होते. तिने त्यांचा कोबी उचलून उजेडात धरला, देठाशी दाबून बघितला, आणि परत त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आत कोरडा आहे," ती म्हणाली. "पुन्हा करा."